खेळण्याच्या पेटीत पेचकस ठेवणारा माणूस

विशेष प्रतिनिधी

दीड मिलिमीटर पात्याचा चांगला पेचकस हवा, असे हार्डवेअरच्या दुकानात सांगून पाहावे. दुकानदार प्रथम नेहमीचा टेस्टर पुढे करतो. तो नको म्हटले, की मोबाइल दुरुस्तीचा संच काढतो. त्यात चांदणीच्या आकाराची, त्रिकोणी अशी नाना टोके असतात. पण साधे, सपाट आणि खरोखर कडक पोलादाचे बारीक पाते नसते. असलेच तर दुसऱ्याच स्क्रूला ते पिळवटून जाते. शेवटी कोणीतरी जवळच्या घड्याळजीकडे पाठवितो आणि घड्याळजी आपले रोजचे हत्यार द्यायला तयार नसतो. आगगाडीच्या प्रतिकृती जुळविण्याचा छंद ज्यांना आहे, त्यांना ही पायपीट चांगलीच परिचयाची आहे.

या छंदात पेचकसाला एवढे महत्त्व का, हे आकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. ब्रिटनमध्ये सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘डबल ओ’ या मापात खऱ्या गाडीच्या एका फुटाला प्रतिकृतीत चार मिलिमीटर धरतात. म्हणजे प्रमाण सुमारे 1 : 76. रुळांमधील अंतर अवघे साडेसोळा मिलिमीटर. अशा इंजिनाचा वरचा सांगाडा चासीला धरून ठेवणारा, दोन मिलिमीटर डोक्याचा स्क्रू खऱ्या गाडीवर असता, तर त्याचे डोके वीतभर, पंधरा सेंटिमीटर रुंदीचे झाले असते. पेचकसाचे पाते स्क्रूच्या खाचेत लांबीला आणि जाडीला घट्ट बसले नाही, तर ते निसटते, खाच कायमची बोथट करते आणि जाता जाता इंजिनाच्या रंगावर ओरखडा ओढते. लहान खाच आणि मोठे पाते हे भांडण जितके क्षुल्लक दिसते, तितके ते छांदिष्टाला महागात पडते.

या साऱ्या उद्योगाला ज्यांनी घराघरांत नेले, नट, बोल्ट आणि पेचकस ही कारखान्यातील हत्यारे ज्यांनी लहान मुलाच्या हातात दिली, ते फ्रँक हॉर्नबी लिव्हरपूलचे. मुंबईकरांना हे आडनाव ऐकताच हॉर्नबी रोड आठवेल. आजचा दादाभाई नवरोजी मार्ग तो. पण त्या रस्त्याला नाव मिळाले होते अठराव्या शतकातील गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांचे. खेळण्यांच्या हॉर्नबींचा त्या रस्त्याशी संबंध नाही. मात्र जगभरच्या मुलांच्या तोंडी अधिक राहिले ते याच हॉर्नबींचे नाव.

स्थानकाच्या सावलीत

फ्रँक हॉर्नबी यांचा जन्म 15 मे 1863 रोजी लिव्हरपूलमधील कॉपरास हिल या रस्त्यावरील घरात झाला. हा रस्ता लाइम स्ट्रीट रेल्वेस्थानकाला अगदी लागून आहे. लिव्हरपूल ते मँचेस्टर ही प्रसिद्ध रेल्वे 1830 सालची. लाइम स्ट्रीट स्थानक 1836 सालचे. म्हणजे फ्रँक पाळण्यात होते तेव्हा इंजिनाची शिटी त्या वस्तीला नवलाची राहिली नव्हती. वडील जॉन हॉर्नबी यांचा किराणा मालाचा व्यापार होता. घर खाऊनपिऊन सुखी, पण श्रीमंत नव्हे.

शाळेत फ्रँक यांचे मन रमले नाही. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते वडिलांच्या पेढीवर रोखपाल म्हणून बसले. त्यांच्या वाचनात सॅम्युअल स्माइल्स यांचे ‘सेल्फ हेल्प’ हे पुस्तक आले आणि गरिबीतून वर आलेल्या संशोधकांच्या कथांनी त्यांना झपाटले. त्या भरात त्यांनी अखंड चालणारे यंत्र बनविण्याचाही खटाटोप केला. ते अर्थातच चालले नाही. औपचारिक तांत्रिक शिक्षण त्यांना कधीच मिळाले नाही, ही गोष्ट त्यांचे पुढील काम पाहताना विसरता कामा नये. ज्यांच्या खेळण्याने अभियंत्यांच्या काही पिढ्या घडविल्या, ते स्वतः जमाखर्च लिहिणारे कारकून होते.

1887 साली त्यांनी क्लारा गोडफ्रॉय या शिक्षिकेशी विवाह केला. रोलँड आणि डग्लस हे दोन मुलगे झाले. 1899 मध्ये वडील निवर्तले आणि पेढी बंद झाली. छत्तिसाव्या वर्षी, दोन मुलगे पदरात असताना, हॉर्नबी यांना दुसऱ्याची चाकरी पत्करावी लागली. डेव्हिड एलियट यांचा मांस आयातीचा व्यवसाय होता; तेथे ते हिशेबनीस झाले.

पाच पौंडांचे कर्ज

त्याच सुमारास घरच्या छोट्या कार्यशाळेत ते मुलांसाठी पत्र्याचे पूल, ट्रक, याऱ्या करू लागले होते. त्यात एक अडचण होती. यारीसाठी कापलेला तुकडा यारीलाच लागे, पुलाचा पुलालाच. एक खेळणे जुने झाले की त्याचे सारे कष्ट वाया. हॉर्नबी यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, नाताळच्या आदल्या दिवशी आगगाडीने नातलगांकडे जाताना बाजूच्या रुळावर एक यारी त्यांना दिसली आणि ती कशी करता येईल याचा विचार करताना मूळ कल्पना सुचली. सुटे भाग असे हवेत, की तेच भाग यारीलाही लागतील, पुलालाही लागतील आणि मोडून पुन्हा तिसऱ्याच कशाला तरी लागतील.

ही कल्पना सांगायला सोपी आहे. तिचा सारा जीव होता भोकांत. हॉर्नबी यांनी अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या घेतल्या आणि त्यांत अर्ध्या अर्ध्या इंचावर भोके पाडली. अडीच इंची पट्टीत पाच, साडेपाच इंचीत अकरा, साडेबारा इंचीत पंचवीस. कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीवर ठेवा, भोकावर भोक येणारच. शिवाय एकाच भोकाला दोन कामे दिली. त्यातून बोल्ट गेला की ते सांध्याचे काम करी आणि आस गेला की त्याच भोकात चाक फिरे. हे दुहेरी काम ज्याने योजले, त्याला पदवी नसेल. पण यंत्राची जाण निश्चितच होती.

भोक नेमके जागेवर नसेल, तर मात्र सारे गणित फसते. एका पट्टीत केसभर चूक चालते. दहा पट्ट्यांचा पूल करताना ती दहापट होते आणि शेवटचा बोल्ट जातच नाही. सुरुवातीला पट्ट्या, चाके, अगदी नट-बोल्टसुद्धा हॉर्नबी यांनी हाताने केले. आज हव्या त्या मापाचा पेचकस सापडत नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी या हिशेबनिसाची रात्रपाळी डोळ्यांसमोर आणावी. त्यांना हत्यार शोधायचे नव्हते. ज्यावर हत्यार चालवायचे तो बोल्टच आधी घडवायचा होता.

भोके असलेल्या पट्ट्यांचा खेळ त्यांच्याआधी कोणाच्याच मनात आला नव्हता, असे मात्र नाही. उड्डाणाच्या प्रयोगांमुळे प्रसिद्ध पावलेले जर्मनीचे ऑटो लिलिएन्थाल आणि त्यांचे बंधू गुस्ताव यांनी 1888 मध्येच लाकडी पट्ट्यांच्या तशा संचाचे पेटंट घेतले होते. धातू, नट-बोल्ट आणि चाके-आस यांची सांगड घालून त्याची पूर्ण पद्धत बसविली ती हॉर्नबी यांनी.

पेटंट घ्यायचे तर पैसे हवेत. पाच पौंड लागणार होते आणि हॉर्नबी यांच्यापाशी ते नव्हते. त्यांनी ते मालकांकडून, एलियट यांच्याकडून, उसने घेतले. जानेवारी 1901 मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला. एलियट नुसते कर्ज देऊन थांबले नाहीत. त्यांनी आपल्या कचेरीशेजारी जागा दिली आणि भागीदारीही केली. हिशेबनिसाच्या खेळण्यावर मालकाने पैसे लावावेत, हे त्या काळातच काय, आजही दुर्मीळच म्हणावे लागेल.

संच 1902 मध्ये बाजारात आला. नाव होते ‘मेकॅनिक्स मेड ईझी’. सोळा प्रकारचे सुटे भाग आणि बारा प्रतिकृतींची माहिती देणारे पत्रक, असा तो ऐवज होता. हे कसले रूक्ष खेळणे, अशी दुकानदारांची भावना. अशा वेळी हॉर्नबी यांनी लिव्हरपूलच्या विद्यापीठीय महाविद्यालयातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेन्री हेले-शॉ यांना गाठले. त्यांनी संच तपासून अनुकूल अभिप्राय दिला. तरीही पहिली काही वर्षे नफ्याचे नाव नव्हते. 1903 साली सुमारे पंधराशे संच खपले, पण हाती काही उरले नाही. दिवसा मांसाच्या आयातीचे हिशेब आणि संध्याकाळी खेळण्याचा तोटा, असा हा संसार पाच-सहा वर्षे चालला.

निर्णयाची घडी 1907 मध्ये आली. मागणी वाढली, पण बाहेरून करून घेतलेले भाग वेळेवर येईनात आणि आले तरी मापात बसेनात. ज्या खेळण्याचा सारा दिमाख भोकांच्या अचूकपणावर होता, त्याचे माप दुसऱ्याच्या हाती ठेवणे शक्य नव्हते. चव्वेचाळिसाव्या वर्षी हॉर्नबी यांनी नोकरी सोडली, ड्यूक स्ट्रीटवर जागा घेतली आणि स्वतः उत्पादन सुरू केले. त्याच वर्षी ‘मेकॅनो’ या सुटसुटीत नावाची नोंदणी झाली. मे 1908 मध्ये मेकॅनो लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. एलियट मात्र नव्या कंपनीत आले नाहीत. मेकॅनोच्या कौतुकात त्यांचे नाव सहसा एका ओळीत आटोपते. पाच पौंड देणाऱ्या आणि तोट्याची वर्षे सोबत काढणाऱ्या या गृहस्थाला याहून अधिक श्रेय मिळायला हवे होते.

36 क्रमांकाचा भाग

मेकॅनोच्या प्रत्येक भागाला क्रमांक असे. साडेबारा इंची पट्टी क्रमांक 1. पाना क्रमांक 34. नट-बोल्ट क्रमांक 37. आणि क्रमांक 36 हा पेचकस. पेचकस हा पट्टी आणि चाकांच्याच यादीत, त्यांच्या बरोबरीने बसविलेला आहे, ही बाब लहान असली तरी बोलकी आहे. त्यापूर्वीचे खेळणे दुकानातून पूर्ण होऊन येई. ते मोडले की मोडले. हॉर्नबी यांचे खेळणे अपूर्णच येई आणि ते मोडणे हा खेळाचाच अर्धा भाग होता.

बोल्टचे माप होते 5/32 इंच, म्हणजे सुमारे चार मिलिमीटर. आटे व्हिटवर्थ पद्धतीचे, इंचाला बत्तीस. जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये ब्रिटनला स्क्रूच्या आट्यांचे पहिले राष्ट्रीय प्रमाण दिले होते. तोवर एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागत नसे. हॉर्नबी यांनी त्या प्रमाणाला धरून राहण्यात शहाणपण दाखविले. मेकॅनोच्या पट्ट्यांचे रूप अनेकदा पालटले. आधी कथिलाच्या पत्र्याच्या, मग निकेलचा मुलामा दिलेल्या, 1926 पासून लाल-हिरव्या. पण भोकांचे अर्धा इंच अंतर बदलले नाही. त्यामुळे आजोबांच्या डब्यातील पट्टी नातवाच्या संचाला बिनतक्रार लागे.

धंदा फोफावला. 1912 मध्ये पॅरिस आणि बर्लिन येथे शाखा निघाल्या. अमेरिकेत नक्कल करणाऱ्यांशी कोर्टकज्जे झाले. 1914 मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. तोच पुढे साठ-पासष्ट वर्षे मेकॅनोचा पत्ता होता. 1916 मध्ये ‘मेकॅनो मॅगझिन’ हे नियतकालिक सुरू झाले. त्यात खेळण्यांच्या जाहिराती असत हे खरे, पण पूल, बोगदे, जहाजे, इंजिने यांवरील सविस्तर माहितीही असे. हे सारे केवळ मुलग्यांना उद्देशून होते, मुली त्यात कोठेच नव्हत्या, हे आजच्या वाचकाला खटकेल. खटकावेच. ज्यांच्या पत्नी शिक्षिका होत्या, त्यांना तरी हे सुचायला हरकत नव्हती.

आगगाडी आली

युद्धापूर्वी ब्रिटनमधील खेळण्यातील आगगाड्या बहुतांशी जर्मनीहून येत. पहिल्या महायुद्धाने तो पुरवठा तुटला. युद्ध संपल्यावरही जर्मन मालाविषयी लोकांच्या मनात अढी होती. हॉर्नबी यांनी ही संधी हेरली आणि 1920 मध्ये पहिली हॉर्नबी रेल्वे दुकानांत आली. माप ‘ओ’, म्हणजे रुळांत 32 मिलिमीटर अंतर. इंजिन किल्लीचे. आणि विशेष असे, की ही गाडी नट-बोल्टनी जुळविलेली होती. मुलाने ती खोलावी, आतील भाग पाहावेत, पुन्हा जोडावी. एखादा भाग बिघडला तर तेवढाच नवा आणून बसवावा, अशी योजना होती. मेकॅनोचाच संस्कार त्यांनी रुळांवर आणला होता.

ही योजना फार काळ टिकली नाही, हेही सांगितले पाहिजे. नट-बोल्टची गाडी महाग पडे. स्वस्त गाड्यांची मागणी वाढली तशी पत्र्याची जीभ खाचेत घालून वाकविण्याची पद्धत आली. वाकविलेली पत्र्याची जीभ दोन-तीनदा उलगडली की तुटते. त्यामुळे अशी गाडी खोलणे म्हणजे ती बिघडविण्याची सुरुवातच. खोलता येईल अशी वस्तू आणि खिशाला परवडेल अशी वस्तू यांच्या झगड्यात हॉर्नबी यांच्यासारख्या माणसालाही माघार घ्यावी लागली. कारखानदार म्हणून त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. गाड्या अधिक घरांत पोहोचल्या. पण मुलाच्या हातातील पेचकसाला त्या गाडीत काम उरले नाही.

1925 मध्ये विजेवरची गाडी आली. 1933 च्या अखेरीस रेल्वेच्या देखाव्यात ठेवण्यासाठी छोट्या ओतीव मोटारी काढल्या. 1934 पासून त्या ‘डिंकी टॉइज’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या आणि देखाव्यातून बाहेर पडून स्वतंत्रपणे गाजल्या. 1931 च्या निवडणुकीत हॉर्नबी हुजूर पक्षातर्फे लिव्हरपूलच्या एव्हर्टन मतदारसंघातून पार्लमेंटवर निवडून गेले. 1935 पर्यंत ते तेथे होते. त्यांची आठवण निघते ती मात्र या कारकिर्दीसाठी नव्हे.

त्यांच्या हयातीतच मेकॅनोला एक अनपेक्षित मान मिळाला. मँचेस्टर विद्यापीठातील डग्लस हार्ट्री आणि त्यांचे विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी 1934 मध्ये विकलन समीकरणे सोडविणारे ‘डिफरन्शियल अ‍ॅनालायझर’ हे गणकयंत्र चक्क मेकॅनोच्या भागांतून उभे केले. खर्च आला सुमारे वीस पौंड. अमेरिकेत व्हॅनेव्हर बुश यांनी असे यंत्र आधी केले होते. तसे यंत्र खेळण्याच्या भागांतून होईल का, हे हार्ट्री यांना पाहायचे होते. ते झाले आणि त्यावर संशोधनही झाले. भोक नेमके अर्ध्या इंचावर असावे यासाठी एका हिशेबनिसाने धरलेला हट्ट असा कामी आला.

21 सप्टेंबर 1936 रोजी हॉर्नबी यांचे लिव्हरपूलमध्ये निधन झाले. मधुमेह आणि हृदयविकार यांनी त्यांना ग्रासले होते. लिव्हरपूलजवळच्या मॅगहल या गावी, जेथे त्यांचे घर होते, तेथील सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. कंपनीची सूत्रे मुलगा रोलँड यांच्याकडे गेली.

नंतरचा प्रवास

‘हॉर्नबी डब्लो’ ही साडेसोळा मिलिमीटर रुळांची गाडी 1938 मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात आली. दिवाणखान्याची जागा व्यापणारी रेल्वे आता जेवणाच्या टेबलावर मावू लागली. गाडी निम्म्याने लहान झाली, तसे स्क्रूही लहान झाले आणि मेकॅनोच्या डब्यातील ढोबळ पेचकस तिच्यापुढे निरुपयोगी ठरला. घड्याळजीच्या हत्याराची गरज लागली ती येथून. वरच्या टोकाला फिरती टोपी असते, तीवर तर्जनी टेकवायची आणि अंगठा व मधल्या बोटाने दांडा फिरवायचा, असा हा पेचकस. पाते एका मिलिमीटरच्या आतपासून तीन मिलिमीटरपर्यंत. कसलेला छांदिष्ट आजही असा संच जुळवून ठेवतो आणि पाते घासून बोथट झाले की बारीक दगडावर सपाट करून घेतो. धार मात्र लावत नाही, कारण धारदार पाते खाचेतून चटकन निसटते. स्क्रू पडला तर सापडावा म्हणून खाली पांढरा पंचा अंथरण्याची युक्तीही जुनीच.

1964 मध्ये मेकॅनो कंपनी लाइन्स ब्रदर्स या प्रतिस्पर्ध्याने घेतली. 1971 मध्ये तीही कोसळली आणि मेकॅनो व हॉर्नबी रेल्वे यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बिन्स रोडचा कारखाना नोव्हेंबर 1979 मध्ये बंद पडला. हॉर्नबी हे नाव मात्र केंट परगण्यातील मार्गेट येथील कंपनीने प्रतिकृतींवर चालू ठेवले.

आपल्याकडे मेकॅनोचे वंशज ‘मेकॅनिक्स’ या नावाच्या संचांतून घरोघरी आले. त्या डब्यातही पाना आणि पेचकस असेच, आणि पहिल्याच आठवड्यात हरवणारी वस्तूही बहुधा पेचकस हीच असे. छोट्या आगगाड्या पाहायच्या असतील, तर पुण्याच्या कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. ते 1998 मध्ये सर्वांसाठी खुले झाले. दिवे मालवल्यावर त्या काचेमागच्या शहरातून गाड्या धावू लागतात, तेव्हा मुलांचे डोळे गाड्यांवर खिळतात आणि सोबतच्या वडीलमंडळींपैकी एखादा हमखास खाली वाकून इंजिनाच्या पोटाशी स्क्रू कोठे आहे ते शोधत असतो.